दुखवट्याच्या वर्षातले कॉकटेल

(तृतीय वर्ष, कला)

शीर्षकातला 'कॉकटेल' हा शब्द वाचून प्राध्यापकांच्या खोलीत कोणाच्या भुवया उंचावल्या असतील तर त्यांनी निश्चिंत असावे. कोल्हापुरात कॉकटेल म्हणजे दारू नव्हे. उंच काचेच्या ग्लासात तळाशी फळांच्या फोडी, त्यावर जेली, त्यावर दोन-तीन रंगांचे आइस्क्रीम, घट्ट दूध, काजू, बेदाणे, टुटीफ्रुटी आणि सर्वांत वर एक लाल चेरी, असा जो पदार्थ इथल्या कोल्ड्रिंक हाऊसमध्ये मिळतो त्याचे हे नाव आहे. दुकानागणिक सामान थोडेफार बदलते. तो खायचा की प्यायचा, हा वाद आम्हा भावंडांत लहानपणापासून चालत आलेला आहे. लांब चमच्याने सुरुवात करावी लागते आणि निम्म्यावर आल्यावर ग्लास सरळ तोंडाला लावावा लागतो. पाश्चात्त्य देशांत ब्रँडी, कोकोचे मद्य आणि साय एकत्र घुसळून वर जायफळ टाकतात आणि त्याला 'ब्रँडी अलेक्झांडर' म्हणतात. जेवणानंतर गोड म्हणून ते घेतले जाते. आमच्या कॉकटेलशी त्याचे नाते साय आणि साखर एवढ्यापुरतेच.

अशा या निरुपद्रवी पदार्थावरून आमच्या घरात गेल्या वर्षी बराच ऊहापोह झाला. त्याचे कारण दुखवटा. माझा विषयही खरे म्हणजे तोच आहे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये आमचे आबा गेले. वय चौऱ्याऐंशी. भेटायला येणारा प्रत्येक जण 'सोनं झालं म्हाताऱ्याचं' असे म्हणे, आणि ते खोटे नव्हते. पण २०२५ च्या जानेवारीत काका गेले. वय सत्तेचाळीस. गुळाच्या पेढीवर ते दिवाणजी होते. दुपारी पेढीवरच छातीत कळ आली आणि संध्याकाळपर्यंत सारे संपले. त्या वेळी भेटायला येणाऱ्यांना काय बोलावे ते सुचत नव्हते. कित्येक जण नुसते बसून, चहा न घेता उठून गेले. त्या न बोलण्याचेच मला अधिक बरे वाटले.

आमच्याकडे कोणी गेले की वर्षभर सण करीत नाहीत. गणपती बसतो, पण आरास नाही. दिवाळीत पणती लागते, पण घरात फराळ होत नाही. लग्नकार्याला जायचे नाही, नवे कपडे स्वतःहून घ्यायचे नाहीत, घरात गोडाधोडाचा बेत करायचा नाही. दोन मृत्यूंची दोन वर्षे एकमेकांत गुंतल्यामुळे आमचे 'वर्ष' सतरा महिन्यांचे झाले. आबांचे वर्षश्राद्ध झाले त्या दिवशी आईने सवयीने म्हटले, "चला, एक तरी फिटलं." आणि मग तिची तीच गप्प झाली, कारण काकांचे पाच महिने अजून बाकी होते.

आमच्या पिढीतल्या पुष्कळांना हे सारे जुनाट वाटते. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीने तर स्पष्टच विचारले, "लाडू न खाल्ल्याने माणूस परत येतो का?" प्रश्न बिनतोड आहे. तरीही मी या रूढीची बाजू थोडीशी घेणार आहे. कारण ती मी आतून पाहिली आहे.

घरात चूल पेटत नाही त्या दिवशी शेजारपाजारचे लोक पिठले-भात घेऊन येतात, त्याला आपल्याकडे 'कडू घास' म्हणतात. नाव कडू असले तरी त्या पिठल्याइतके मायेचे अन्न मी दुसरे खाल्लेले नाही. दिवाळीचेही तसेच. घरात फराळ करायचा नाही, याचा अर्थ घरात फराळ येणार नाही असा नव्हे. आबांच्या पाठीमागच्या त्या पहिल्या दिवाळीत आत्या, मावश्या, शेजारी आणि आबांच्या तालमीतले जुने सोबती या साऱ्यांकडून एवढी ताटे आली की, स्वतः करून आमच्या घरी कधी इतके लाडू जमले नव्हते. आज्जी ते डबे बघून म्हणाली होती, "म्हातारा असता तर पोट बिघडवून घेतलं असतं." तेव्हा या रूढीचा मला उमजलेला अर्थ असा की, ज्याचे माणूस गेले त्याने राबू नये, त्याच्यासाठी दुसऱ्यांनी राबावे. इतर ठिकाणीही शोक आणि अन्न यांची अशी सांगड घातलेली दिसते. तुर्कस्तानात माणूस गेल्यावर त्याच्या नावाने रव्याचा हलवा परतून वाटतात. आपल्याकडचे पारशी बांधव मृत्यूनंतर चौथ्या दिवशी धनसाक करतात आणि म्हणूनच शुभकार्याच्या दिवशी तो करीत नाहीत.

इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. माझा आक्षेप आहे तो 'करू नये' याचे 'दिसू नये' कसे होते, यावर.

काकांचा मुलगा सहावीत होता. दर वर्षी निकाल लागला की काका त्याला आणि मला सायकलच्या काळापासून, पुढे स्कूटरवरून, कॉकटेल खायला नेत. पेढीवर दिवसभर गुळाच्या ढेपा बघून त्यांना गोडाचा कंटाळा यायला हवा होता, पण तसे कधी झाले नाही. चेरी मात्र ते आपली काढून आळीपाळीने आम्हा दोघांना देत आणि कोणाची पाळी आहे हे बरोबर लक्षात ठेवीत. २०२५ च्या मे महिन्यात निकाल लागला. पोराने घरात काही मागितले नाही. तो फक्त गुणपत्रक घेऊन काकांच्या फोटोखाली बराच वेळ उभा राहिला. काकीनेच मला हाक मारली. "चल की गं, त्याला घेऊन जाऊन येऊया. तूबी चल."

आम्ही तिघे गेलो. तीन ग्लास आले. काकी नुसता चमचा फिरवीत बसली. तेव्हा तो म्हणाला, "तू खाणार नसशील तर मीबी खात नाही." मग तिने खाल्ले. रडली नाही, हसलीही नाही. नीट, सावकाश, शेवटपर्यंत खाल्ले.

आमच्या पेठेतल्या एक बाई समोरच्या बाकावर होत्या. आम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. नवरा जाऊन चार महिने झाले नाहीत तोवर ही बाजारात आइस्क्रीम खात बसते, असे. आज्जी उंबऱ्यातच बसली होती. तिने आमच्याकडे पाहिले आणि बातमी घेऊन आलेल्या बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खाल्लं तर खाल्लं की. पोराचा बाप गेलाय, पोराची जीभ न्हाई गेली."

जिचा स्वतःचा नवरा आणि मुलगा पाच महिन्यांत गेला त्या बाईने हे म्हटले, हे विसरता येत नाही. शोकाचा अधिकार त्या घरात सर्वांत मोठा तिचा होता. बोलायला जे आले त्यांचा नव्हता.

आता एक साधी गोष्ट पाहा. त्याच सुमारास माझ्या वडिलांच्या कार्यालयात कोणाला तरी बढती मिळाली. पेढे वाटले गेले. वडिलांनी तो खाल्ला आणि घरी येऊन तसे सांगितलेही. जाणारा त्यांचा सख्खा भाऊ होता. त्यांना कोणी काही म्हटले नाही, म्हणणारही नव्हते. म्हणजे दुखवटा एक आणि त्याच्या तागड्या दोन. पुरुषाने पेढा खाल्ला तर तो व्यवहार, आणि विधवेने आइस्क्रीम खाल्ले तर ती विस्मृती. समाजशास्त्राच्या तासाला आपण 'सामाजिक नियंत्रण' ही संज्ञा पाठ करतो. तिचे याहून स्वच्छ उदाहरण मला क्रमिक पुस्तकात सापडले नाही.

आणि हे कोल्हापुरात घडावे याचे मला विशेष वाटते. १९१८ साली राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीच्या वेळी अपघातात गेले. त्यांच्या पत्नी इंदुमती राणीसाहेब तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांच्या होत्या, आणि लग्नाला वर्षच काय ते झाले होते. पुत्रशोकात बुडालेल्या त्या पित्याने सुनेला अंधाऱ्या खोलीत बसवले नाही. घरातून विरोध असताना तिच्या शिक्षणाची व्यवस्था सोनतळीला केली आणि सोबतीला मुली ठेवल्या. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी, १९१७ मध्ये, संस्थानात झाला होता. कायदे करणारे राजे इतरही झाले असतील. पण स्वतःच्या घरात दुःख ताजे असताना त्या दुःखाचा भार सर्वांत लहान खांद्यावर पडू न देणे, ही गोष्ट मला कायद्यापेक्षा अवघड वाटते.

पुढे याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी ठराव केला की, पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा गावात बंद. महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते वर्ष होते. त्याच महिन्यात १७ तारखेला राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा असे सुचवले. या ठरावाचा मला अभिमान आहे. काका गेले तेव्हा आमच्या घरी काकीच्या बांगड्या कोणी फोडल्या नाहीत, त्यामागे आज्जीचा करारीपणा होता तसाच त्या ठरावाचाही हात असावा, कारण एका पाहुण्याने तेव्हा हेरवाडचे नाव काढले होते. पण बांगडी फोडणे डोळ्यांना दिसते, म्हणून ते ठरावात येऊ शकते. हळदीकुंकवाचे बोलावणे न येणे, बारशाला 'तू मागे थांब' असे डोळ्यांनी सांगणे, आइस्क्रीमच्या ग्लासाकडे पाहणे, याचा ठराव कोणती ग्रामसभा करणार?

दुसरी एक विसंगती आहे, तीही सांगून टाकते. वर्षभर गोड वर्ज्य असलेल्या घरात श्राद्धाच्या दिवशी खीर लागते. वडे लागतात, खीर लागते आणि गेलेल्याला जे आवडे तेही पानात वाढावे असा संकेत आहे. म्हणजे गोडाने मृताचा अपमान होतो असे शास्त्रही मानत नाही! गेल्या जानेवारीत काकांच्या वर्षश्राद्धाला पान वाढताना पोरगा म्हणाला, "पप्पांना कॉकटेल पायजे." सगळे एकमेकांकडे पाहू लागले. गुरुजी वयस्कर होते. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "आणा. पण वितळायच्या आत आणा." माझे वडील डबा घेऊन स्कूटरवरून गेले आणि आले. द्रोणात ते वाढले. कावळ्याने बराच वेळ वाट पाहायला लावली, मग वडा उचलला आणि तो गेला. कॉकटेलला त्याने चोच लावली नाही. त्यावर आत्या काही बोलणार होती, पण काकीने द्रोणातली चेरी काढून पोराच्या हातावर ठेवली, आणि तो म्हणाला, "ह्या वेळी ताईची पाळी आहे."

आता थोडे आपल्या महाविद्यालयाविषयी. कोणाचे वडील गेले की मुलगा डोके भादरून वर्गात येतो. सगळ्यांना कळते. सर त्याला प्रश्न विचारत नाहीत, मित्र वह्या देतात, कँटीनमध्ये जागा करून देतात. मुलीला अशी काही खूण नसते. मी काकांच्या तेराव्यानंतर वर्गात आले तेव्हा पहिल्याच तासाला मला हजेरी का कमी, असे सर्वांसमोर विचारले गेले. विचारण्यात वाईट हेतू नव्हता, माहीतच नव्हते. त्यानंतर ज्यांना कळले ते माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले आणि माझ्यासमोर सिनेमाच्या गप्पा थांबवू लागले. मला तर त्या गप्पा हव्या होत्या. एकाच मैत्रिणीने, जिने लाडवांविषयीचा तो बिनतोड प्रश्न विचारला होता तिनेच, वेगळे काही केले. तिने विचारले, "तुझे काका कसे होते गं?" मी तिला गुळाच्या ढेपांविषयी, स्कूटरविषयी, चेरीच्या पाळीविषयी सांगत राहिले. तिचा पुढचा तास बुडाला.

वसतिगृहात राहणाऱ्यांची स्थिती याहून कठीण असते. गावाकडून तेरावा उरकून आलेल्या मुलीला इथे कडू घास आणून देणारे शेजारी नसतात. मेसमध्ये रविवारी गोड असते, तेव्हा तिच्या ताटात काय वाढावे याची कुजबुज मात्र होते. माझे म्हणणे एवढेच आहे की ते तिलाच विचारावे. तिने नको म्हटले तर आग्रह करू नये. हवे म्हटले तर वाढावे आणि तिच्या ताटाकडे पाहत बसू नये.