न झालेल्या प्रवासाचे भाडे

भाव बाजार ठरवितो, असे आपल्याला पढविले जाते. अमेरिकेतील पोलाद-मक्तेदारांनी तो नकाशावरून ठरविला. १९०१ साली स्थापन झालेल्या यू. एस. स्टीलच्या ‘पिट्सबर्ग प्लस’ पद्धतीत माल कोठेही तयार होवो, ग्राहकाने पिट्सबर्गचा भाव अधिक तेथपासूनचे रेल्वेभाडे मोजावयाचे. शिकागोत तयार झालेले पोलाद शिकागोतच विकले, तरी टनामागे ७.६० डॉलर भाडे! गाडी हललीच नाही. पैसे मात्र पोहोचले. खरी स्पर्धा असती, तर जवळच्या कारखान्याने भाव उतरविला नसता काय? हा बोजा अखेर अवजारे घेणाऱ्या शेतकऱ्यावरच पडे.

१९२४ साली फेडरल ट्रेड कमिशनने बंदीचा आदेश दिला. तेव्हा मक्तेदारांनी एकाऐवजी अनेक आधारस्थाने नेमली. सिमेंटवाल्यांचीही तीच तऱ्हा. १९३६ मध्ये न्यू मेक्सिकोतील टुकमकेरी येथील सरकारी खरेदीसाठी अकरा कंपन्यांच्या सीलबंद निविदा आल्या. प्रत्येकीचा भाव पिंपास ३.२८६८५४ डॉलर. सहाव्या दशांशस्थळापर्यंत एकमत! (कार्यकर्त्यांच्या बैठकीतही इतके मतैक्य मी पाहिलेले नाही.) सिमेंटची ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरविली ती १९४८ साली, पोलादाविषयीच्या आदेशाला तोवर चोवीस वर्षे होऊन गेली होती.