आम्ही टेलचे

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेच्या सहलीत पाहिली असेल. आमची सहल बुलढाण्याहून एसटीने गेली होती. उंच भिंतीवरून हौदात पाणी पडत होतं आणि सर सांगत होते की हे डोंगरातून येतं. आम्ही मान वळवून डोंगर शोधला, तो कुठे लांब. मग पाणी इथे भिंतीवर चढलं कसं? पंप नाही, वीज नाही. सर म्हणाले, "पुढे चला."

याचं उत्तर मला इंजिनिअरिंगला गेल्यावर मिळालं, आणि ते अगदीच साधं निघालं. पाण्याचा उगम भिंतीच्या माथ्यापेक्षा उंच आहे आणि मधली नळी बंद आहे. पाणी आधी खाली उतरतं, आणि नळीत कोंडलेलं असल्यामुळे जवळपास उगमाच्या पातळीपर्यंत पुन्हा चढतं. थोडी उंची घर्षणात जाते, बाकीची परत मिळते. पाणचक्की अठराव्या शतकातली. त्याच शहरात मलिक अंबरने त्याच्याही शंभरेक वर्षं आधी नहर बांधली होती. ती शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरातला जमिनीखालचा पाझर गोळा करून खडकीत, म्हणजे आजच्या शहरात, आणायची.

मला या नहरीत सगळ्यात आवडतात ते तिचे मनोरे. नळीत हवा अडकली की पाणी अडतं, आणि दाब वाढला की नळी फुटते. म्हणून वाटेत ठिकठिकाणी उभे मनोरे बांधून हवेला वाट करून दिली. कात्रजहून पुण्यात शनिवारवाड्याकडे येणाऱ्या पेशवेकालीन नळावरही असेच उच्छ्वास आहेत. बऱ्हाणपूरच्या कुंडी भांडाऱ्यात (जळगाव जामोदहून सातपुडा ओलांडला की बऱ्हाणपूरच) जमिनीखालच्या बोगद्यावर शंभराहून जास्त कुंड्या आहेत. त्यांतून हवा जाते, उजेड जातो आणि गाळ काढायला माणूसही उतरू शकतो. थोडक्यात, बांधणाऱ्याला पहिल्याच दिवशी माहीत होतं की हे कधीतरी तुंबणार आहे. आमच्या क्षेत्रात इतका समजूतदार डिझायनर मला आजवर भेटलेला नाही :)

'जलसेतू' म्हटलं की मात्र आपल्या डोळ्यांसमोर रोमन कमानी येतात. फ्रान्समधला पाँ द्यु गार खरोखर देखणा आहे, उंची जवळजवळ 49 मीटर. पण तो ज्या कालव्याचा तुकडा आहे, तो सुमारे 50 किलोमीटरचा कालवा बहुतेक ठिकाणी जमिनीखालूनच जातो. कमानी फक्त दरी आडवी आली तिथे. आणि एवढ्या अंतरात एकूण उतार किती? साधारण साडेबारा मीटर, म्हणजे किलोमीटरमागे 25 सेंटिमीटर. उतार जास्त दिला तर पाणी तळ खरवडतं, कमी दिला तर गाळ बसतो. खरी करामत या हिशेबात आहे, पण फोटो निघतो तो कमानीचा.

आपल्याकडच्या पाटांवरही जलसेतू असतात. वाटेत नाला आला की खांबांवर काँक्रीटची पन्हळ टाकून पाट त्यावरून नेतात. पन्हळीचे तुकडे जिथे जोडतात ते सांधे गळायला लागले की खाली नाल्यात बारमाही हिरवळ. म्हशींची सोय होते, पुढच्या शेतकऱ्याची होत नाही.

आता मुद्द्यावर येतो. 2024 साली राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा–नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली. गोसीखुर्दचं पाणी सहा जिल्ह्यांतून सुमारे 426 किलोमीटरचा कालवा करून आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या नळगंगेपर्यंत आणायचं. खर्चाचा अंदाज 87 हजार कोटींच्या वर. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी नुसता जल्लोष.

मी आपली सवयीप्रमाणे आकडेमोड केली. रोमन उतार धरला तरी 426 किलोमीटरला शंभर मीटरहून जास्त उंची लागते. एवढी उंची फुकट मिळत नाही, त्यामुळे वाटेत काही ठिकाणी पाणी पंपाने उचलावं लागणार आहे. म्हणजे विजेचं बिल आलं, आणि तेही कायमचं. आणि नळगंगा धरण आहे मोताळा तालुक्यात, घाटाखाली. चिखली, देऊळगाव राजा घाटावर. तिकडच्या माणसाला हे पाणी आपोआप येणार नाही. ज्यांना हा जिल्हा नकाशावर सपाट दिसतो, त्यांनी एकदा राजूर घाटातून खाली उतरून बघावं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या कालव्यावर आम्ही शेवटचे. 'टेल'चे. टेल म्हणजे काय ते आमच्या घरात चांगलं ठाऊक आहे. आमचं चार एकर वावर एका जुन्या धरणाच्या चारीच्या टोकाला आहे. कागदोपत्री ते ओलिताखाली येतं. मला कळायला लागल्यापासून त्या चारीत पाणी पोचलेलं मी दोनदा पाहिलंय. वरच्या बाजूला गळती, गाळ आणि रात्री टाकलेले पाइप. टोकाला येतो तो फक्त वारा. नदीजोडची बातमी मी मोठ्या बाबांना कौतुकाने वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "गोसीखुर्दापासून जिल्ह्यापोतर पानी यीन रे बाप्पा, पन जिल्ह्यापासून आपल्या वावरापोतर कोन आनीन?"

मी प्रकल्पाच्या विरोधात नाही. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर येतात, तिथल्या मुलाला तो चैनीचा विरोध परवडत नाही. पण माझं म्हणणं आहे की नव्या कालव्याचं काम सुरू होण्याआधी, किंवा निदान त्याच्या बरोबरीने, जुन्या चाऱ्या दुरुस्त व्हायला हव्यात. आधी टोकाला पाणी द्यायचं आणि मग वर यायचं, ही 'टेल टू हेड' पद्धत काही मी शोधलेली नाही, पाटबंधारेवाल्यांना ती माहीत आहे. पाणी वापर संस्थांसाठी 2005 सालचा कायदा आहे. बंद नळीने वितरण करता येतं, त्यात चोरी आणि बाष्पीभवन दोन्ही कमी. पण यातल्या कशाचंही भूमिपूजन दणक्यात होत नाही, आणि गाळ काढणाऱ्याच्या नावाची कोनशिला कुणी बसवत नाही.

आमच्याकडे नवीन फीचरला टाळ्या मिळतात, मेंटेनन्सच्या टीमला रात्री दोनला फोन येतो. तिथे निदान युजर ओरडतो तरी. चारीच्या टोकावरच्या माणसाने ओरडणं कधीच सोडून दिलंय. या दिवाळीला वावरात गेलो तर मोठ्या बाबांनी चारीत पऱ्हाट्या रचून ठेवल्या होत्या. म्हटलं, पाणी आलं तर? ते हसले आणि म्हणाले, "आलं तं उचलू."