बुद्धाच्या गोष्टीत हसू आलं तर बिघडलं कुठं?



आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी मुलांचा वाचनवर्ग भरतो. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सात-आठ पोरं एका पुस्तकावर डोकी घालून खदाखदा हसत होती. विहारासाठी हयात घालवलेले एक ज्येष्ठ काका आत आले आणि त्यांनी पुस्तक हातात घेतलं. वर नाव बुद्धाचं, आत सगळी कार्टून! "तथागतांवर हसायला शिकवताय का? वर्ग कोण घेतंय?" काका कडाडले. वर्ग आम्हीच घेत होतो. पुस्तकही आम्हीच आणलं होतं.

ते पुस्तक म्हणजे जपानी चित्रकार ओसामू तेझुका यांच्या 'बुद्ध' या कॉमिक मालिकेचा पहिला खंड. 'अॅस्ट्रो बॉय'मुळे जगभर गाजलेल्या तेझुकांनी वैद्यकीय शिक्षण घेतलं होतं, पण आयुष्यभर चित्रंच काढली. ही मालिका त्यांनी १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षं चालवली. इंग्रजीत तिचे आठ खंड आहेत. अमेरिकेत कॉमिक्ससाठी दिला जाणारा आयस्नर पुरस्कार तिला २००४ आणि २००५ असा दोनदा मिळाला. आपल्या प्रत्येक तरुणाने ती वाचावी असं आमचं स्पष्ट मत आहे.

का? कारण तेझुका बुद्धाची गोष्ट राजवाड्यातून सुरू करत नाहीत. पहिल्या खंडात बराच वेळ सिद्धार्थ जन्मलेलाच नसतो. तिथे भेटतो चाप्रा नावाचा शूद्र गुलाम मुलगा. त्याच्याकडचा मालकाचा माल चोरीला जातो आणि त्याची शिक्षा म्हणून त्याच्या आईला विकायची धमकी मिळते. चोरी केलेली असते तत्ताने. तत्ता वर्णव्यवस्थेच्याही बाहेर टाकलेला, उघडावाघडा, महाबिलंदर पोरगा. तो कुठल्याही प्राण्याच्या अंगात शिरू शकतो! ही दोन्ही पात्रं तेझुकांच्या कल्पनेतली आहेत. पण बुद्ध जगात का यावा लागला, याचं उत्तर त्यांनी या दोन पोरांच्या जगण्यातून दिलं आहे.

चाप्रा पुढे कोसलच्या सेनापतीचा जीव वाचवतो आणि त्याचा दत्तक मुलगा होतो. जात लपवली की सगळं मिळतं: घोडा, तलवार, मान. फक्त आईला आई म्हणता येत नाही. मित्रांनो, शहरात भाड्याने खोली घेताना आडनाव गिळणाऱ्या आपल्यातल्या कितीजणांना हे नवं आहे? चाप्राचं पुढे काय होतं ते सांगत नाही. आमच्या वर्गात ती पानं वाचताना हसणारी पोरं गप्प झाली होती, एवढंच सांगतो.

आता काकांच्या आक्षेपाकडे येऊ. त्यांचा राग आम्हाला चुकीचा वाटला नाही. व्यंगचित्राने आपल्याला दुखावलेलं आहे. शंकर यांचं १९४९ सालचं ते चित्र आठवा. संविधान नावाच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसलेत आणि मागे नेहरू चाबूक घेऊन उभे. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात ते छापलं म्हणून २०१२ मध्ये केवढं रान उठलं! तेव्हा आम्हाला शहाण्यांनी ऐकवलं, तुम्हाला विनोदच कळत नाही. साफ खोटं. आमच्या जलशांनी तमाशाचा बाज घेऊन, सोंगाड्याच्या तोंडून भटशाहीची टर उडवली आणि गावंच्या गावं जागी केली. विनोद आम्हाला कळतो. आम्ही एवढंच विचारतो की हसतंय कोण, आणि कोणावर?

याच कसोटीवर तेझुकांना घासून पाहा. ते हसतात फुगलेल्या राजांवर, घमेंडखोर सरदारांवर, शरीराचे हाल करून मोक्ष शोधणाऱ्या तपस्व्यांवर. स्वतःलाही सोडत नाहीत. ऐन प्रसंगात चित्रकारसाहेब स्वतःच चित्रात टपकतात. अडीच हजार वर्षांपूर्वीची पात्रं मध्येच आजच्या जगातले विनोद मारतात. पण गुलामाच्या गुलामीवर एकही विनोद नाही.

म्हणून सगळं डोळे झाकून स्वीकारायचं का? मुळीच नाही. दुसऱ्या खंडाचं नावच 'चार भेटी' आहे. म्हातारा, आजारी, प्रेत, संन्यासी ही जुनीच कथा. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता हे बुद्धीला पटत नाही, असं बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये ठणकावून सांगितलं. शाक्य आणि कोलियांमधला रोहिणीच्या पाण्याचा तंटा आणि युद्धाला सिद्धार्थाचा विरोध, हे त्यांनी गृहत्यागाचं कारण मांडलं. तत्ताला मालिका अस्पृश्य ठरवते. पण अस्पृश्यता इसवी सन ४०० च्या सुमारास जन्मली, हा बाबासाहेबांचा १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मधला सिद्धांत. म्हणजे बुद्धाच्या कितीतरी नंतर. शिवाय मालिकेत ब्रह्मदेव अवतरतो, चमत्कार होतात. म्हणून आमची सूचना अशी की एका हातात तेझुका ठेवा आणि दुसऱ्या हातात बाबासाहेबांचा ग्रंथ. कुठे पटलं, कुठे नाही, यावर वर्गात वाद घाला. श्रद्धेने माना टेकवण्यापेक्षा हे अधिक धम्माला धरून आहे.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. मालिकेत मारामारी, रक्त आणि नग्नता बरीच आहे. चौथी-पाचवीच्या पोरांच्या हाती देऊ नका, आमचा वर्ग नववीच्या पुढचा आहे. इंग्रजीची भीती बाळगू नका. आम्ही एकाला वाचायला बसवतो, दुसरा मराठीत सांगतो, बाकीचं चित्रं बोलतात. आठही खंड एकट्याला परवडत नसतील तर आठ जणांनी एकेक घ्यावा आणि फिरवावा.

आपल्यातल्या चित्र काढणाऱ्यांना एक विचारायचं आहे. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी चितारलेलं 'भीमायन' २०११ मध्ये आलं, पण ते एक पुस्तक. महाडच्या तळ्याची, सावित्रीमाईच्या शाळेची, जलशाच्या फडाची मालिका कोण काढणार? आमची पोरं जपानच्या पोरावर एवढी जीव लावून हसतात, रडतात. आपल्या पोराची वाट ती कधीपर्यंत पाहणार?

आणि काका? त्यांनी पहिला खंड जप्त करून घरी नेला. नातीकडून वाचून घेतला, मग दुसराही मागवला. पुढच्याच महिन्यात वर्गात येऊन दरडावले, "हे चार भेटींचं साफ चूक आहे. रोहिणीचा तंटा मी सांगतो, बसा सगळे."

सगळे बसले. आम्हीही.

जय भीम, नमो बुद्धाय!