फोटोच्या पाठीवरची तारीख

परवा कपाट आवरायला काढलं आणि सगळी दुपार आल्बममध्येच गेली. एका फोटोत समुद्र, कडेला होडी आणि पाण्यात काहीतरी काळं. "वहिनी, हे कुठलं हो?" वन्संनी विचारलं. मुरूड की मालवण? थोरल्याच्या मुंजीआधीचं की नंतरचं? मला काही सांगता येईना. पाठ कोरी!

मैत्रिणींनो, अशाच एका सहलीतल्या फोटोची गोष्ट सांगते. २००१ साली नॉर्वेचा एक पर्यटक मादागास्करला देवमासे पाहायला गेला होता. हंपबॅक जातीचा देवमासा (मासा कसला, पिलाला दूध पाजणारा जीव तो) बुडी मारताना शेपूट उंच पाण्याबाहेर काढतो. नेमका तेव्हाच ह्या गृहस्थाने खटका दाबला. काही वर्षांनी त्याने तो फोटो हौसेने इंटरनेटवर ठेवला.

आता गंमत अशी, की ह्या शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे डाग, ओरखडे, कडेच्या खाचा हे सगळं प्रत्येक देवमाशाचं निराळं असतं, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखं. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरच्या कॉलेजात १९७० च्या दशकापासून अशा शेपट्यांचे फोटो जमवतात. त्या कामाशी जोडलेल्या एका बाईंच्या नजरेस हा फोटो पडला. संग्रहाशी ताडून पाहिला, तर हीच मादी १९९९ साली ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ टिपलेली! जवळचा रस्ता धरला तरी ९,८०० किलोमीटर. २०१० साली त्यावर शोधनिबंध निघाला. तोवर समज असा, की दूरदूर भटकायचं ते नरांनी, माद्या आपल्या ठरल्या जागी. (हा समज कुठे कुठे असतो ते तुम्हाला सांगायला नकोच.)

आता विचार करा, त्या फोटोची तारीख आणि जागा ठाऊक नसती तर?

म्हणून फोटोच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने गाव, महिना, साल लिहा. बॉलपेनने नको, पुढच्या बाजूला उमटतं. गुळगुळीत कागदावर पेन्सिल धरत नाही, तिथे पाकिटावर आधी लिहून मग फोटो आत घाला. मोबाइलमधल्या फोटोंचंही गाव वहीत टिपून ठेवावं.

आपल्याकडेही देवमासे येतात बरं. २०१७ साली ओमानजवळ शास्त्रज्ञांनी खुणेचं यंत्र लावलेली 'लुबान' नावाची मादी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली होती. ओमानजवळ तिच्या जातीचे शंभरसुद्धा नसावेत असा अंदाज आहे. कोळी बांधवांसाठी तर २०१८ च्या अखेरीस सरकारने योजनाच काढली. जाळं कापून संरक्षित प्राणी सोडला, तर पंचवीस हजारांपर्यंत भरपाई. पण पुरावा म्हणून तिथेही फोटो हवाच.

२०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला पिल्लू किनाऱ्याला लागलं होतं. खूप खटपट झाली, पण ते वाचलं नाही. असं काही दिसलं तर आधी वनखात्याला कळवा. मदत येईतो जुनी सुती पातळं ओली करून अंगावर घालावीत, डोक्यावरचं श्वासाचं भोक मात्र उघडं राहू द्यावं, त्यात पाणी जाता कामा नये. शेपूट धरून ओढायचं तर मुळीच नाही.

आमच्या फोटोतल्या त्या काळ्याचं काय? वन्सं म्हणतात खडक, हे म्हणतात बुडालेला पडाव.