लेंड्या थांबल्या की रात्र थांबत नाही

‘कालपासून काही खात नाही,’ असे कुत्र्याच्या मालकाने फोनवर सांगितले, तर ‘सकाळी घेऊन या’ हे उत्तर बहुतेक वेळा खपून जाते. सशाच्या बाबतीत ते खपत नाही. बारा तास खाणे आणि लेंड्या बंद असलेला ससा हा तातडीचा रुग्ण. आतडे मंदावते, वायू धरतो, दुखते; दुखते म्हणून तो आणखी खात नाही. उलटी करण्याची सोय निसर्गाने त्याला दिलेलीच नाही. कोपऱ्यात गप्प बसलेला ससा घरच्यांना शहाणा वाटतो आणि दवाखान्यात तो तिसऱ्या दिवशी पोहोचतो.

या आजाराचे मूळ बहुधा खाण्याच्या वाटीत सापडते. गाजर, पोळी, बिस्किटे, वर मूठभर पेलेट. सशाचे सगळे दात, दाढांसकट, जन्मभर वाढतात; पुढचे दात आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर. ते झिजतात लांब धाग्याचे गवत तासन् तास चावल्याने, आणि आतडेही त्याच धाग्यावर चालते. म्हणून आहाराचा चार पंचमांश भाग गवताचाच हवा. परदेशी टिमोथी गवताची महागडी पिशवी परवडत नसेल, तर स्वच्छ, बुरशी नसलेले वाळवलेले मारवेल किंवा हरळी द्यावी. लसूणघास स्वस्त आणि हिरवागार, पण त्यात कॅल्शियम भरपूर. सशाचे शरीर जास्तीचे कॅल्शियम लघवीवाटे टाकते आणि मूत्राशयात गाळ साचतो. वाढत्या पिलाला ठीक, मोठ्या सशाला रोज नको.

हे सगळे सांगायची खरी वेळ ससा विकत घेण्याआधीची. तेव्हा मात्र सल्ला देतो तो विक्रेता.

बाजारात चार-पाच आठवड्यांची पिले ‘एवढीच राहतात’ म्हणून विकली जातात. निदान आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत पिलू आईजवळ हवे. ‘दोन्ही माद्याच आहेत’ हे आश्वासन तर प्रसिद्धच. चार-पाच महिन्यांत वयात येणारी, सुमारे 31 दिवसांत विणारी आणि विल्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकणारी ही जात; लिंग ओळखण्यातली चूक वयात आल्यावर महिन्याभरात पिलांच्या रूपाने समोर येते. म्हणून पहिल्याच भेटीत लिंग तपासावे. पुढचे दात एकमेकांवर नीट बसतात का, पुढच्या पायांची आतली लव ओली किंवा गुंतलेली आहे का (वाहते नाक ससा तिथेच पुसतो), कानात खपल्या आहेत का, हेही पाहावे. सध्या चपट्या तोंडाच्या, लोंबत्या कानांच्या सशांची चलती आहे. दिसायला गोड, पण दात आणि कान यांच्या तक्रारींमुळे दवाखान्याचे कायमचे गिऱ्हाईक होण्याची शक्यता त्यांच्यात अधिक.

कापणीच्या दिवसांत शेतात सापडलेली रानसशाची पिलेही कौतुकाने घरी आणली जातात. तो प्राणी वेगळा, 1972च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित. आई दिवसभर लांब राहते, म्हणून पिलू अनाथ ठरत नाही.

मादीची नसबंदी हा विषय पुष्कळ दवाखान्यांत टाळला जातो, तो भुलीच्या धास्तीने. पण काही जातींत चार वर्षांपुढच्या निम्म्याहून अधिक माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग आढळल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा टाळणेही निर्धोक नाही. धास्ती कमी करता येते. उपाशी ठेवू नये. उलटीची भीती नसल्याने उपासाने फक्त आतडे मंदावते. बऱ्याच सशांच्या रक्तात अ‍ॅट्रोपिन मोडणारे विकर असते, त्यामुळे ग्लायकोपायरोलेट बरे. शुद्धीवर येताच वेदनाशामक आणि समोर गवत.

औषधांच्या कपाटावर मात्र एक चिठ्ठी आजच लावावी: सशाला अमॉक्सिसिलिन आणि क्लिंडामायसिन तोंडावाटे द्यायचे नाही, आणि पिसवांसाठी फिप्रोनिल वापरायचे नाही. रविवारी रात्री दवाखाना सांभाळणाऱ्या नवख्या डॉक्टरला ती दिसली पाहिजे.