उंच रॅकचा सल्ला धोक्याचा

संपादक महोदय,


मागच्या अंकातल्या पत्रात पिकअप ट्रकच्या हौद्यावर तंबूसाठी रॅक निवडताना ‘उंच तोच घ्या, खाली सामान मावतं’ असा सल्ला होता. अमेरिकेत टोयोटा टॅकोमा घेऊन भटकणाऱ्या मराठी कुटुंबांनी तो मुळीच ऐकू नये.

गाडीवर लावायचा तंबू साधारण पन्नास ते सत्तर किलोंचा असतो. तो टपाच्या वर गेला की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो, वारा अडतो, पेट्रोल जास्त जळतं. युटातल्या व्हाइट रिमसारख्या कड्यालगतच्या वाटेवर गाडी एका अंगाला कलली की हा फरक पोटात गोळा आणतो. तंबू टपाच्या रेषेत राहील असा मध्यम उंचीचा रॅकच बरा.

रॅकच्या जाहिरातीतला भाराचा मोठा आकडा बहुधा उभ्या गाडीचा असतो. आपल्याला हवा चालत्या गाडीचा, तोही खडबडीत रस्त्यावरचा. तो बराच कमी भरतो. शिवाय ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत लिहिलेल्या भारक्षमतेत माणसं, पाणी, तंबू आणि खुद्द रॅकही मोजायचा असतो. हे पत्रलेखकाने सांगायलाच हवं होतं.

टॅकोमाचा हौदा आतून कंपोझिटचा आहे. रॅक त्याच्या कडेच्या रुळांना बोल्टने धरतो आणि खडखडाटी रस्त्यावर हे बोल्ट ढिले होतात. बोल्टच्या डोक्यावरून रॅकवर रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटली की बोल्ट फिरला.

विक्रेत्याकडून चालत्या गाडीचा आकडा लेखी घेतल्याशिवाय कृपया पैसे देऊ नका.

आपला,
एक वाचक, डेन्व्हर