विश्लेषण : व्यालेली घोडी माणसावर का धावून येते? मारून तिचा राग जातो का?

बहुतेक घोड्या रात्री, आजूबाजूला सामसूम झाली की व्यातात. सकाळी तबेल्यात पाय थरथरवत उभे असलेले शिंगरू दिसते आणि तासाभरात अंगण भरते. घरची माणसे, शेजारी, पोरेटोरे, सगळ्यांच्या हातात मोबाइल. कोणीतरी जवळून फोटो काढायला आत शिरते. घोडी कान पाडते, मान लांब करते, शेपटी झाडते. माणूस तरीही पुढे सरकतो. मग दात लागतात किंवा दुगाणी बसते आणि दुपारपर्यंत निकाल लागतो : घोडी मारकी निघाली. काल संध्याकाळपर्यंत हीच घोडी लहान पोराच्या हातून गूळ खात होती, हे कोणाला आठवत नाही.

राग की राखण?

घोडा हा मुळात शिकार होणारा प्राणी. त्याची बचाव करण्याची रीत पळण्याची आहे. शिंगरू जन्मल्यावर साधारण तासाभरात उभे राहते आणि दोन तासांत कासेला लागते, तेही त्यासाठीच. पण पहिल्या काही दिवसांत ते आईच्या वेगाने पळू शकत नाही, म्हणून आई पळण्याऐवजी उभी राहून लढते. मोकळ्या कळपातही ताजी व्यालेली घोडी इतर घोड्यांना शिंगराच्या जवळ फिरकू देत नाही. याच तासांत ती शिंगराला चाटते, हुंगते आणि त्याचा वास ओळखायला शिकते. शिंगरालाही आपली आई कोणती हे नेमके कळलेले नसते. मध्ये दुसरे कोणी आले तर ते त्याच्याही मागे जाईल. आईने सगळ्यांना लांब ठेवणे हा या ओळखीचाच भाग आहे.

हा ताण पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त असतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत बहुतेक घोड्या आपोआप निवळतात. पहिलटकर घोडी जास्त बिथरते. मात्र एरवीही माणसापासून फटकून राहणारी घोडी व्याल्यावर अचानक सोशिक होईल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

मग तिला आठवडाभर एकटे का सोडत नाहीत?

काही जाणते लोक हाच सल्ला देतात, आणि तो अर्धाच बरोबर आहे. गर्दी हटवावी, हे खरे. पण शिंगराला पहिल्या दिवशी माणसाचा हात लागावाच लागतो. घोडीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये पोटातल्या शिंगरापर्यंत पोहोचत नाहीत. ती मिळतात फक्त चिकातून, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची ताकद साधारण २४ तासांत संपते. पहिले सहा ते बारा तास सर्वांत मोलाचे. शिंगरू खरेच दूध ओढते आहे की नुसते कासेशी तोंड घासते आहे, हे पाहावे लागते. नाळेला जंतुनाशक लावावे लागते, कारण तिथून शिरलेला संसर्ग सांध्यांत उतरतो. पशुवैद्याला १८ ते २४ तासांच्या दरम्यान रक्त तपासून चीक पुरेसा पोटात गेला का, हे पाहायचे असते. घोडीची वार तीन तासांत पडली नाही तर तोही तातडीचा प्रसंग आहे. चिडलेल्या घोडीच्या भीतीने ही कामे टळली, तर किंमत शिंगरू मोजते.

आत जायचे कसे?

सुरुवात खरे तर व्यायच्या आधी महिनाभर होते. घोडी सुमारे ११ महिने गाभण राहते, वेळ भरपूर असतो. शेवटच्या आठवड्यांत रोज एकाच माणसाने तिला चंदी द्यावी, खरारा करावा, पोटाखाली आणि कासेला हलका हात लावायची सवय करावी. व्याल्यावर तोच माणूस आत जाईल, दुसरा कोणी नाही.

माणसे दोन लागतात. एकजण घोडीच्या खांद्याशी, म्होरकीची दोरी हातात धरून. दुसरा शिंगरासाठी. एकट्याने आत जाणे हा धाडसाचा नव्हे, मूर्खपणाचा प्रकार आहे. दार उघडे राहील आणि बाहेर पडायची वाट आपल्या बाजूला असेल, याची खात्री आधी करावी. कुत्री आणि मुले लांब. डोक्यावर हेल्मेट असले तर कोणी हसत नाही, हसले तरी हरकत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा नियम : घोडी आणि शिंगरू यांच्या मध्ये कधीही उभे राहू नये. शिंगरू तिच्या डोळ्यांसमोर, तिचे नाक पोहोचेल इतक्या अंतरावर असावे. घोड्याला आपल्या नेमके पाठीमागचे दिसत नाही. शिंगरू तिथे गेले की ती गर्रकन वळते, आणि त्या वळण्यात माणूस भिंतीला चेपला जातो किंवा शिंगरूच तिच्या पायाखाली येते. शिंगराला धरताना एक हात छातीपुढे, दुसरा मागच्या बाजूने मांड्यांभोवती. मानेला दोरी बांधून ओढू नये, पोटाखालून उचलू नये. जन्मताना कधी कधी फासळ्या मोडलेल्या असतात आणि वरून दिसत नाहीत. काम दोन मिनिटांचे असावे. ते झाले की आधी शिंगरू आईकडे सोडायचे, मग घोडीला चंदी, मग माणसे बाहेर.

आपल्याकडे घोडे अगाडी-पिछाडी लावून बांधायची जुनी पद्धत आहे. शिंगरू असलेल्या घोडीला ती लावू नये. शिंगराकडे वळता न आल्याने ती जास्त बिथरते, आणि नवजात पाय त्या दोऱ्यांत अडकतात. घोडी कोणालाच जवळ येऊ देत नसेल तर मध्ये आडवे बांबू किंवा लोखंडी नळ्यांचा कठडा लावून शिंगरू पलीकडे घ्यावे, तिला ते दिसत आणि हुंगता येत राहील असे. तेही जमत नसेल तर पशुवैद्याकडून तिला शांत करणारे इंजेक्शन घेण्यात कमीपणा नाही. मेडिकलमधून विचारून आणलेले औषध मात्र नको.

मार दिला तर?

घोडी चावायला आली, थोबाडावर काठी बसली, ती मागे सरली. मारणाऱ्याला वाटते, धडा मिळाला. घोडीने शिकलेला धडा वेगळा असतो : माणूस शिंगराजवळ आला की दुखते. पुढच्या वेळी ती कान पाडण्याची सूचना न देता थेट लाथ मारते. इशारा देणारी घोडी परवडते, इशारा मारून बंद केलेली परवडत नाही.

शिवाय हे सगळे शिंगरू पाहत असते. फ्रान्समधील संशोधक सेव्हरीन आंरी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने फार बोलका आहे. शिंगराच्या पहिल्या पाच दिवसांत त्यांनी फक्त आईला हळुवार ब्रश केला, हाताने खाऊ घातले. पाच दिवसांचे मिळून सव्वा तास. शिंगराला हातही लावला नाही. तरीही ही शिंगरे पुढे माणसाजवळ अधिक सहज येऊ लागली. उलट जन्मताच शिंगराला बळेच धरून हाताळण्याने आई-शिंगराचे नाते बिघडते, असे याच गटाच्या २००९ मधील अभ्यासात दिसले. तेव्हा शिंगराशी दोस्ती करायची असेल तर वेळ घोडीवर घालवायचा. जरुरीपुरते औषधपाणी सोडून शिंगराला पहिल्या दिवशी उगाच कुरवाळू नये.

राग नसून दुखणे असेल तर?

घोडी माणसाला नव्हे, शिंगरालाच चावत किंवा लाथाडत असेल तर ही राखण नाही. कास सुजून दुखत असेल, पोटात कळ येत असेल किंवा तिने पिल्लू नाकारले असेल. तिथे वाट पाहू नये, शिंगराचे चिकाचे तास निघून जातात. ताप, चंदी न खाणे, सतत लोळणे ही लक्षणे दिसली तर स्वभावाची चर्चा थांबवून डॉक्टरला बोलवावे. आणि शांत घोडी अचानक विचित्र वागू लागली, लाळ गाळू लागली, गिळता येईना, तर रेबीजची शंका मनात ठेवावी. तोंडात हात घालू नये. घोडा चावला तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुऊन दवाखाना गाठावा. धनुर्वाताचे इंजेक्शन तर घ्यावेच.

शिक्का कोणावर?

या सगळ्या गोष्टी पूर्वी मोतद्दारांना ठाऊक होत्या. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे-तट्टे होती, २०१९ मध्ये ३.४ लाख उरली. घोडे गेले तशी ते सांभाळणारी घराणीही पांगली. आता हौसेने फार्महाउसवर घोडी घेणारा नवा मालक काय शिकतो, तर रील पाहून.

त्याचा तोटा घोडीला होतो. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. अशा बाजारात 'खोडीची' हा शब्द एकदा चिकटला की भाव कोसळतो आणि घोडी हातोहात फिरत राहते. विकणाऱ्याने ती फक्त शिंगरू अंगावर असतानाच अशी वागते, हे सांगावे. घेणाऱ्यानेही निकाल लावण्याआधी सहाएक महिन्यांनी शिंगरू तुटल्यावर तिला पुन्हा एकदा पाहावे, म्होरकी घालून, एकटीला, गर्दी नसताना.